श्टोलन: अठराशे किलोंचा आणि सातशे ग्रॅमचा

नमस्कार श्रोतेहो.

जर्मनीच्या पूर्व भागात, एल्बे नदीच्या दोन्ही काठांवर, ड्रेस्डेन नावाचं शहर आहे. सॅक्सनी राज्याची राजधानी. या शहरातले वर्षभराचे सण असा आजचा विषय आहे. पण आधीच सांगून टाकतो, मला पोहोचायचं आहे ते डिसेंबरात, आणि डिसेंबरातही श्टोलन नावाच्या एका पावापाशी. तेव्हा बाकीचे महिने जरा भराभर उरकतो.

सुरुवात १ मेपासून. त्या दिवशी एल्बे नदीतून वाफेवर चालणाऱ्या, बाजूला मोठाली चाकं असलेल्या बोटींची मिरवणूक निघते. यातली ‘श्टाट वेलेन’ ही बोट १८७९ सालची आहे, आणि ती अजून चालते. खोळंबा होतो तो पाण्यामुळे. एल्बे उथळ नदी. पाऊस कमी झाला की बोटींचं वेळापत्रक कोलमडतं, आणि पाऊस फार झाला की काय होतं ते ऑगस्ट २००२ मध्ये दिसलं. पाणी ९ मीटर ४० सेंटिमीटरवर चढलं होतं. एरवी ते दोन मीटरच्या आसपास असतं.

मे महिन्यातच डिक्सीलँड महोत्सव होतो, म्हणजे जुन्या धाटणीचा जॅझ. तो १९७१ पासून चालू आहे, पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट राजवट होती तेव्हापासून. जूनमध्ये नॉयश्टाट या वस्तीतला सण. १९९० च्या जूनमध्ये, दोन्ही जर्मनी एक व्हायच्या तोंडावर, इथल्या रहिवाशांनी गमतीने स्वतःचं स्वतंत्र प्रजासत्ताकच जाहीर केलं होतं, आणि स्वतःच्या नोटाही छापल्या होत्या! आज त्याचा रस्त्यावरचा उत्सव झाला आहे. माझं मत विचाराल तर कोणताही गल्लीतला उत्सव मोठा झाला की त्यात बिअर आणि खाण्याचे स्टॉलच उरतात, गल्ली उरत नाही. असो. हा आजचा विषय नाही.

तर डिसेंबर. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट. पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या आधी, नोव्हेंबर संपता संपता, आल्टमार्क्ट या जुन्या चौकात बाजार उघडतो आणि २४ डिसेंबरला उठतो. नाव श्ट्रीत्सेलमार्क्ट. वर्ष लक्षात ठेवा, १४३४. त्या वर्षी सॅक्सनीचा शासक फ्रिडरिश दुसरा याने नाताळच्या आधी एक दिवस मांसबाजार भरवायला परवानगी दिली. कारण सरळ आहे. अ‍ॅडव्हेंट हा उपासाचा काळ, आणि उपास सोडायला घरात मटण हवं. त्या एका दिवसाचा आज जवळपास महिना झाला आहे. तिथे मसाले घालून गरम केलेली वाइन मातीच्या कपातून मिळते आणि कपाची अनामत वेगळी घेतात. कप परत दिला की पैसे परत. पुष्कळ पाहुणे कप घरी घेऊन जातात, आणि अनामत गेली म्हणून कुणी रडत नाही.

श्ट्रीत्सेल हा शब्द एका पावाचा. आज त्याला श्टोलन म्हणतात. लांबट, मधे फुगीर, वर पिठीसाखरेचा जाड थर. पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ म्हणजे बाळ येशू, असं त्या आकाराचं स्पष्टीकरण देतात.

पण हा पाव मुळात बेचव होता. उपासाच्या काळात चर्चने लोणी आणि दूध बंद केलेलं. म्हणजे पीठ, पाणी, यीस्ट आणि रेपसीडचं तेल, मोहरीच्या कुळातलं. आपल्याकडे उपासाला तूप चालतं, नव्हे, उपासाला तूप जास्तच लागतं. तिकडे उलट. सॅक्सनीच्या राजघराण्याने पोपकडे विनंती केली, आणि १४९१ साली पोप इनोसंट आठवे यांनी पत्र पाठवलं. तेलाऐवजी लोणी वापरायला हरकत नाही, मात्र बदल्यात चर्चला रक्कम भरायची. या पत्राचं नावच ‘लोण्याचं पत्र’ पडलं. श्रोतेहो, वर्ष पुन्हा सांगतो, १४९१. श्टोलनची चव तिथून सुरू होते. त्याआधी नुसता आकार होता.

आता ज्या गोष्टीसाठी एवढी घाई केली ती गोष्ट.

साल १७३०, महिना जून. सॅक्सनीचा शासक आउगुस्ट, ज्याला बलदंड आउगुस्ट म्हणत. घोड्याचा नाल नुसत्या हातांनी मोडल्याची त्याची ख्याती. तो पोलंडचा राजाही होता. त्याला शेजारच्या प्रशियाच्या राजाला दाखवायचं होतं की आमचंही सैन्य काही कमी नाही. प्रशियाचा राजा फ्रिडरिश विल्हेल्म म्हणजे सैनिकी खाक्याचा माणूस, पै पै जपणारा, कवायतीवर जीव टाकणारा. त्याला आउगुस्टने पाहुणा म्हणून बोलावलं, ड्रेस्डेनहून एल्बेच्या प्रवाहाच्या दिशेने काठाकाठाने गेलं की त्साइटहाइन लागतं, तिथल्या मोकळ्या माळावर. महिनाभर तंबू, कवायती, नाटकं, आतषबाजी, मेजवान्या. लष्करी छावणी आणि राजेशाही जत्रा, दोन्ही एकदम.

या छावणीत प्रशियाचा युवराजही आलेला. वय अठरा. बापाचं आणि त्याचं पटत नव्हतं, आणि इथे पाहुण्यांच्या देखत बापाने त्याला मारलं. पुढे ऑगस्टमध्ये या पोराने पळून जायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि त्याला साथ देणाऱ्या मित्राचा शिरच्छेद झाला. हाच पोरगा पुढे फ्रिडरिश द ग्रेट. सांगायचा मुद्दा असा की मोठ्या मेजवान्यांत बहुतेक वेळा कुणीतरी एक जण ताटाकडे न बघता बसलेला असतो. पण आपण श्टोलनकडे येऊ.

छावणी संपत आली. आउगुस्टला शेवट असा हवा होता की युरोपात बोलणं झालं पाहिजे. सैनिकांना बैल भाजून घातले, आणि मग निघाला श्टोलन. ड्रेस्डेनचा बेकर योहान आंद्रेआस त्साखारियास आणि त्याच्या हाताखालची माणसं. वजन सुमारे १.८ टन. पुन्हा सांगतो, अठराशे किलो. एक पाव.

आता ज्यांनी घरी केक केला आहे त्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार, की हा भाजला कशात? कुठल्याच बेकरीच्या भट्टीत तो मावणार नव्हता. म्हणून भट्टीच नवी बांधली. आणि ती कुणी? माटेउस डानिएल प्योपेलमान यांनी, म्हणजे ड्रेस्डेनचा प्रसिद्ध त्स्विंगर महाल ज्यांनी उभा केला ते राजाचे स्थापत्यकार. महाल बांधणाऱ्या माणसाला पावाची भट्टी बांधायला लावली. मला हे फार आवडतं. राजाचा बाकीचा डामडौल सोडा, पण स्वयंपाकाला त्याने स्थापत्याच्या तोडीचं काम मानलं. आपल्याकडे लाखाची मॉड्युलर किचनं होतात आणि ओट्याची उंची पोळ्या लाटणारीला विचारून कुणी ठरवत नाही.

भाजलेला पाव आठ घोड्यांच्या गाडीवरून मिरवत आणला. कापायला सुरी? १ मीटर ६० सेंटिमीटर लांब. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या उंचीहून जास्त. त्या सुरीने सुमारे २४,००० वाटे झाले असं सांगतात. अठराशे किलो भागिले चोवीस हजार, हिशोब करून बघा, माणशी ७५ ग्रॅम. म्हणजे एवढा खटाटोप करून प्रत्येकाच्या हातात पडली ती एक बऱ्यापैकी जाड फोड. पण ती राजाच्या पंगतीची फोड.

ही गोष्ट ड्रेस्डेनने सोडलेली नाही. १९९४ पासून दर वर्षी दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटच्या आदल्या शनिवारी श्टोलनचा उत्सव होतो. प्रचंड श्टोलन घोड्यांच्या गाडीवरून जुन्या शहरातून मिरवत बाजारात आणतात. वजनात काही वर्षी तो आउगुस्टच्या श्टोलनला सहज मागे टाकतो. सुरी त्या जुन्या सुरीच्या धर्तीवर बनवलेली, तेवढीच लांब, वजन १२ किलो. फोडी विकतात आणि पैसे मदतकार्याला जातात.

मात्र आजचा महाश्टोलन एकसंध भाजत नाहीत. शहरातल्या बेकऱ्या सपाट लाद्या भाजून देतात, त्या एकावर एक रचतात, लोणी आणि साखरेने जोडतात. यात लबाडी नाही, शहाणपण आहे. जाड पावात उष्णता बाहेरून आत फार सावकाश जाते. मधलं पीठ शिजेपर्यंत बाहेरचं करपतं. घरी जाड केक मधे कच्चा राहतो, तेच कारण. जाडी वाढली की आंच कमी आणि वेळ जास्त. हे एवढं धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं घरचं. ड्रेस्डेनचा श्टोलन हे २०१० पासून युरोपात भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे. शहर आणि त्याच्या आसपासच्या बेकऱ्यांनाच ते वापरता येतं. त्यांच्या पुड्यावर सोनेरी लंबगोल शिक्का असतो, आणि शिक्क्यावर कोण? घोड्यावर बसलेला आपला आउगुस्ट. नियमातलं प्रमाण सांगतो, कागद-पेन्सिल घ्या. मैदा १०० भाग असेल तर लोणी निदान ५०, मनुका ६५, पाकवलेली संत्र्या-लिंबाची साल २०, बदाम १५. मार्गरीन नाही, कृत्रिम वास नाही. पुन्हा सांगतो. मैदा शंभर, लोणी पन्नास, मनुका पासष्ट, साल वीस, बदाम पंधरा. घरी अर्धा किलो मैद्याला लोणी २५० ग्रॅम, मनुका ३२५, साल १००, बदाम ७५. लोणी बिनमिठाचं. आणि सालीच्या जागी ती लाल-हिरवी टूटीफ्रूटी नको, ती पपई असते. पपईबद्दल माझी तक्रार नाही, तिला संत्रं म्हणण्याबद्दल आहे.

मनुका आदल्या रात्री रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजवा, सकाळी निथळून कोरड्या करा. ओल्या राहिल्या की पाव खालून गिचगिचीत होतो. पीठ एकदम भिजवू नका. एवढ्या लोण्यात यीस्टला हालचाल करता येत नाही. आधी दीडशे ग्रॅम मैदा, सव्वाशे मिलिलिटर कोमट दूध आणि यीस्ट यांचं पातळसर पीठ अर्धा तास झाकून ठेवा. बुडबुडे आले की उरलेला मैदा, ७५ ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, मऊ लोणी घालून दहा मिनिटं मळा. तासभर विसावा. मनुका, साल आणि बदाम सगळ्यांत शेवटी, आणि ते मळायचे नाहीत, घडी घालून मिसळायचे. आधी घातलेत तर मनुका फुटतात आणि पीठ काळपट होतं.

या पिठाचे साधारण सातशे-सातशे ग्रॅमचे दोन लांबट गोळे करा. एकच मोठा करू नका, प्योपेलमान आपल्याकडे यायचे नाहीत. अर्धा तास ठेवून १७५ अंशांवर साधारण ४५ मिनिटं. बाहेर काढल्यावर वर आलेल्या करपलेल्या मनुका उपटून टाका, त्या कडू लागतात. गरम असतानाच वितळलेलं लोणी दोनदा लावा, त्यावर साधी बारीक साखर. पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर ती विरघळून चिकट होते.

आणि लगेच खाऊ नका. हे तिसऱ्यांदा सांगायची तयारी आहे. लगेच खाऊ नका. नीट गुंडाळून थंड जागी दोन-तीन आठवडे ठेवायचा. लोणी आणि फळांचा ओलसरपणा सगळीकडे पसरतो, पाव मऊ होतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि खायच्या आधी तासभर बाहेर काढा.

कापायचा मात्र टोकापासून नाही. मधोमध कापा, दोन्ही अर्ध्यांतून हव्या तेवढ्या फोडी काढा, आणि उरलेले दोन तुकडे कापलेल्या बाजूंनी एकमेकांना चिकटवून परत गुंडाळा. आतला भाग उघडा राहत नाही, सुकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मधूनच. टोकं सगळ्यांत शेवटी.