बातमीतला आकडा, रोजचा प्रश्न

नमस्कार श्रोतेहो. आजचा पहिला प्रश्न लगेच घेऊ. उन्हाळ्यात बातमी येते, 'उजनी धरण उणे ५० टक्के'. याचा अर्थ काय? एक, धरण कोरडं पडलं. दोन, गेल्या वर्षीच्या निम्मंच पाणी उरलं. तीन, धरणात पाणी आहे, पण मृतसाठ्याला हात लागला आहे.

(दहा सेकंद विराम)

उत्तर आहे तीन. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. टीएमसी हे धरणातलं पाणी मोजायचं माप, ते केवढं ते पुढे सांगतो. त्यातला तळाचा साडेत्रेसष्ट टीएमसीच्या आसपासचा भाग म्हणजे मृतसाठा, कालव्यात सहज सोडता न येणारं पाणी, आणि त्याच्यावरचा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी म्हणजे उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणून बातमीत 'शून्य टक्के' आलं, तेव्हाही धरणात साडेत्रेसष्ट टीएमसी असतं. उणे ५० म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्म्याइतकं, म्हणजे पावणेसत्तावीस टीएमसीच्या आसपास पाणी मृतसाठ्यातून गेलं. मागे उरलं जवळपास ३७ टीएमसी. पुण्याला पाणी देणारी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चारही धरणं काठोकाठ भरली, तरी होतं २९ टीएमसी. म्हणजे 'उणे' झालेल्या उजनीत त्याहून जास्त पाणी असतं!

मग उजनीचं पाणी पिणाऱ्या सोलापूरकरांनी निश्चिंत राहायचं का? मुळीच नाही. ३७ हा आकडा कागदावरचा आहे. मृतसाठ्याच्या जागेत वर्षानुवर्षं गाळ साचतो आणि त्या गाळाने व्यापलेली जागा या हिशेबात पाणी म्हणूनच धरली जाते. शिवाय पातळी खाली गेली की कालव्यात पाणी चढत नाही. शहराच्या जलवाहिनीसाठी पाणी आधी जॅकवेलपर्यंत, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीपर्यंत, आणायला दुबार पंपिंग करावं लागतं, कधी तिबार. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती. अशा वेळी नुसती टक्केवारी छापणं मला अपुरं वाटतं. शेजारी टीएमसीचा आकडा दिला, तर वाचणाऱ्याला परिस्थिती कळेल. टक्केवारीवर भिस्त ठेवली तर उलटीही फसगत होते. 'खडकवासला १०० टक्के भरलं' या बातमीत पाणी असतं दोन टीएमसीहूनही थोडं कमी. कोयनेचे ५० टक्के म्हणजे पन्नासच्या वर टीएमसी.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सांगायचं तर २,८३१ कोटी लिटर, पण हा आकडा कोणाच्याच डोळ्यासमोर येत नाही. त्यापेक्षा असा हिशेब करा. दहा लाख वस्तीच्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरले, तर एक टीएमसी साधारण २१० दिवस पुरतं. गळती आणि बाष्पीभवन यात धरलेलं नाही, आणि ते थोडं नसतं.

दुसरा प्रश्न पावसाळ्यातला. 'धरणातून २० हजार क्युसेक विसर्ग सुरू.' हा विसर्ग दिवसभर तसाच राहिला, तर किती टीएमसी पाणी नदीत जाईल? अर्धा, पावणेदोन की दहा?

(दहा सेकंद विराम)

पावणेदोनच्या जवळ. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरहून थोडं जास्त. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यामुळे साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. एवढं एक सूत्र वहीत लिहून ठेवा, पावसाळाभर उपयोगी पडेल. मात्र विसर्गाच्या आकड्यावरून आपल्या गावात पाणी कुठवर येईल, ते ठरवू नका. त्यासाठी नदीवरच्या मोजपट्टीचे फूट बघायचे. कोल्हापुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीत कृष्णेवर आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५. कोल्हापूरचे ४१ फूट आणि सांगलीचे ४१ फूट यांची तुलना करणं व्यर्थ आहे, कारण प्रत्येक पट्टीचा शून्य वेगळ्या ठिकाणी असतो. आपल्या गावाजवळची पट्टी कोणती आणि तिचे हे दोन आकडे कोणते, हे पूरपट्ट्यातल्या घरोघरी माहीत असायला हवं. शाळेतल्या प्रश्नमंजूषेत जगातली सर्वांत लांब नदी विचारण्याआधी हे विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

आता पावसाचा आकडा. २६ जुलै २००५ ला मुंबईत किती पाऊस पडला? बहुतेकांच्या तोंडी ९४४ मिलिमीटर हे उत्तर असतं. पण प्रश्नच कच्चा आहे. ९४४ ची नोंद सांताक्रूझची. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. दोन्ही मुंबईच. त्यात हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून ही नोंद '२७ जुलै सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांची' अशी वाचावी लागते. प्रश्न नीट विचारायचा, तर असा: '२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत किती पावसाची नोंद झाली?' लांबट आहे, पण यावर वाद होणार नाही. आणि उत्तर सांगून झालं की पुढे अर्थही सांगावा: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ९४४ मिलिमीटर म्हणजे ९४,४०० लिटर. हवामान खातं 'मुसळधार' म्हणतं ते साडेचौसष्ट मिलिमीटरपासून, आणि २०४ च्या वर गेलं की 'अतिवृष्टी'च्या सर्वांत वरच्या पायरीत धरतं. ९४४ कुठे बसतं, ते आता तुम्हीच बघा.

शाळेत, वाचनालयात किंवा घरात रोज पाच प्रश्न काढायचे असतील, तर सकाळच्या पेपरातल्या अशा बातम्या निवडा ज्यांत आकडा आहे आणि आपण तो न समजता पुढे जातो. आधी उत्तर लिहा. ते निदान दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळा, आणि एकाच वृत्तसंस्थेची बातमी दोन पेपरांत आली असेल तर ते एकच ठिकाण धरा. उत्तर पक्कं झालं की मग प्रश्न लिहा. चुकीचे पर्याय मनाने रचू नका. लोक खरोखर जे चुकीचं समजतात, तेच पर्यायात घाला. उजनीच्या प्रश्नात 'धरण कोरडं पडलं' हा पर्याय तसाच आहे. बरोबर पर्याय नेहमी सर्वांत लांब होतो, कारण आपण त्यात जपून शब्द घालतो. ऐकणारी पोरं हे दोन दिवसांत ओळखतात. तिन्ही पर्यायांची लांबी सारखी करून घ्या.

ऐकवायच्या प्रश्नाचं शास्त्र थोडं निराळं आहे. तीनपेक्षा जास्त पर्याय कानात राहत नाहीत. 'खालीलपैकी' या शब्दाला आवाजात जागा नाही, 'वरीलपैकी सर्व' तर टाळाच. प्रश्न दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हळू. विराम दहा सेकंदांचा ठेवा. माइकसमोर तो फार मोठा वाटतो आणि वाचणारा पाच सेकंदांतच उत्तर सांगून टाकतो, पण ऐकणाऱ्याला आकडेमोड करायला तेवढा वेळ लागतोच.

प्रश्न फसतात ते बहुधा 'पहिला', 'एकमेव', 'सर्वांत मोठा' या शब्दांपाशी. अटल सेतूची लांबी विचारली, तर कोणी २१.८ किलोमीटर सांगेल, कोणी साडेसोळा. पहिली एकूण लांबी, दुसरी समुद्रावरच्या भागाची, दोघंही बरोबर. युनेस्कोच्या यादीत २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले गेले, पण 'महाराष्ट्रातले बारा' म्हटलं की प्रश्न चुकला, कारण बारावा जिंजी तामिळनाडूत आहे. जुन्या वहीतले प्रश्नही तारीख घालून ठेवावेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला; त्याआधीच्या पुस्तकात जिल्हे ३५ आहेत आणि आज ३६. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून सव्वासहा झाला, तर तो पाव टक्क्याने नव्हे, पाव टक्केबिंदूने उतरला, हा फरक आठवी-नववीच्या मुलांना उदाहरणासकट करून दाखवण्यासारखा आहे. मूळ दराच्या हिशेबात ती घट चार टक्क्यांच्या जवळ जाते.

उद्याचा प्रश्न आता सांगून ठेवतो. समजा, बाजार समितीच्या पत्रकात कांद्याचा किमान दर क्विंटलला ५०० रुपये, कमाल १,८०० आणि सर्वसाधारण दर १,४०० असा आहे. पाचशे आणि अठराशेचा मध्य निघतो ११५०. मग सर्वसाधारण दर १,४०० कसा? दिवसभरात कोणत्या भावाने किती माल गेला असेल, तिकडे लक्ष द्या. गावात कोणी कांदा विकून आलं असेल, तर त्यांना विचारून बघा. उत्तर उद्या याच वेळी. नमस्कार.