पैलवानाची फाटलेली गादी शिवता येते

बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती नीट बघितलीत तर कळेल, पाय मातीत घट्ट रोवलेला असतो आणि वरनं समोरचा पैलवान अख्खं अंग फिरवतो, पाऊल तिथंच, मांडी वळली, मधे गुडघा पिळला. गादी फाटते ती अशी.

गादी म्हणजे मेनिस्कस. प्रत्येक गुडघ्यात दोन, मांडीच्या आणि नडगीच्या हाडामधे, अंगाचा भार झेलणाऱ्या. फाटलेला मोठा तुकडा सांध्यात अडकला की गुडघा लॉक होतो, सरळच होत नाही, आणि मग आपल्याकडं तेल लावून चोळतात, झटका देऊन सरळ करायला बघतात. तसं करू नका हो. हाडांच्या डॉक्टरला दाखवा, एमआरआय काढा.

कारण गादी शिवता येते, पण सगळीकडं नाही. बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथली चीर जुळते, आतल्या कडेला रक्तच नाही, तिथं जुळणं अवघड. १८८३ साली एडिनबरोत टॉमस अ‍ॅनंडेल या सर्जननं गादी शिवली होती, तरी पुढं कितीतरी वर्षं ती काढूनच टाकायचे. १९४८ मधे फेअरबँक या सर्जननं गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेत काय काय बदलतं ते दाखवलं. सांधा लवकर झिजतो हे आता सगळेच मानतात, म्हणून विशी-पंचविशीतल्या पोराची गादी वाचवणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

ऑपरेशन दुर्बिणीतनं होतं. बारीक छिद्रं, एकातनं कॅमेरा, दुसऱ्यातनं हत्यारं, फाटलेल्या कडा खरडून ताज्या करायच्या आणि टाके घालायचे. सोबत एसीएल, म्हणजे गुडघा आतनं घट्ट धरून ठेवणारा दोर, तुटलं असेल तर तेही बघावं लागतं, ढिल्या गुडघ्यात टाके टिकत नाहीत.

खरी परीक्षा नंतर. गादी कापून काढलेला पैलवान लवकर हिंडाय लागतो, शिवलेल्याला मात्र कुबड्या, ब्रेस, बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे गुडघा ९० अंशाच्या पुढं वाकवायचा नाही, म्हणजे मांडी घालून जेवण नाही, उकिडवं बसणं नाही, घरात कमोडची खुर्ची आणायची. बैठका तर कितीतरी महिने बंद. आणि नेमकी त्याच वेळी गावची जत्रा येते, मैदान ठरतं, इनाम लागतं, दोस्त म्हणतात आता चालतोयस की, उतर. वस्ताद, तुम्हीच अडवा त्याला. मातीत परत जायला साधारण सहा महिने तरी लागतात, आणि तेही डॉक्टर आणि फिजिओ दोघं हो म्हटल्यावरच.