‘मित्र म्हणजे नक्की काय?’ : नारुतोचे चाहते काय वाचतात

मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ या जपानी चित्रकथेचं, म्हणजे मांगाचं, ६९८वं प्रकरण ज्यांनी वाचलंय, त्यांना ते दृश्य सांगावं लागणार नाही. ज्यांनी वाचलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. दोन तरुण खडकावर शेजारी शेजारी उताणे पडलेत. दोघांचा एकेक हात तुटलाय, उठायचं त्राण कोणातच नाही. आधीची जवळजवळ सगळी कथा एक दुसऱ्याच्या मागे धावतोय आणि दुसरा त्याच्यापासून तोडून निघायला बघतोय. आता पळायला जागाच उरलेली नाही. तेव्हा सासुके विचारतो, तू माझ्यासाठी एवढं का केलंस? नारुतो म्हणतो, तू माझा मित्र आहेस म्हणून. सासुकेचं समाधान होत नाही. हे तू आधीही म्हणालायस, पण तुझ्या लेखी त्याचा अर्थ काय, असं तो पुन्हा विचारतो. नारुतोला नीट सांगता येत नाही. तुझे हाल बघितले की मलाच दुखतं, एवढंच तो म्हणतो.

आजचं माझं बोलणं या प्रश्नाभोवतीच असणार आहे. जगभरचे चाहते या मालिकेतल्या नात्यांवर कथा लिहितात, चित्रं काढतात, रात्र रात्र वाद घालतात. बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो: ‘लेखकानं लिहिलंय काय आणि ही मुलं बघतायत काय!’ माझं म्हणणं वेगळं आहे. लेखकानं जे लिहिलंय तेच ही मुलं बघतायत, आणि फार बारकाईनं बघतायत. सासुकेनं शेवटच्या लढाईनंतर जो प्रश्न विचारला, तो त्यांना सुरुवातीपासून पडलेला होता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ‘नारुतो’ १९९९ ते २०१४ या काळात ‘शोनेन जम्प’ या जपानी साप्ताहिकात आली. ७०० प्रकरणं, पुस्तकरूपात ७२ खंड. कोनोहा नावाच्या निन्जांच्या गावातला नारुतो हा अनाथ मुलगा. त्याच्या अंगात नऊ शेपट्यांचा राक्षसी कोल्हा बंदिस्त आहे, म्हणून सगळं गाव त्याला टाळतं. सासुके त्याच्याच वर्गातला, हुशार आणि घुमा. त्याचं सगळं कुळ त्याच्या थोरल्या भावानं, इताचीनं, कापून काढलंय. दोघं आणि साकुरा ही मुलगी एका तुकडीत येतात. पुढे सूडासाठी सासुके गाव सोडतो, आणि त्याला परत आणणं हे नारुतोचं आयुष्य होऊन बसतं. किशिमोतोंच्या पहिल्या आराखड्यात सासुके नव्हताच. नायकाला तोडीस तोड प्रतिस्पर्धी हवा, असं संपादकांशी बोलताना ठरलं आणि मग तो आला. ज्या नात्यावर सगळी इमारत उभी राहिली, ते असं मागाहून आलेलं आहे.

मांगा वाचायची रीतही समजून घ्यायला हवी. दर आठवड्याला वीसेक पानं, काळ्या-पांढऱ्या चौकटी. एका चौकटीत सासुकेचा चेहरा, पुढचीत नुसते डोळे, तिसरीत पाऊस. तो काय विचार करतोय हे कुठेही लिहिलेलं नाही. ते जोडायचं काम वाचकाचं. वर पुढच्या अंकापर्यंत सात दिवस थांबायचं. त्या सात दिवसांत वाचक काय करणार? तीच पानं पुन्हा पुन्हा बघणार, मैत्रिणीला दाखवणार, ‘हा असा का थांबला असेल?’ म्हणून विचारणार. चाहत्यांच्या अर्थ लावण्याचा उगम इथे आहे. ज्या माध्यमात मनातलं निम्मं न लिहिता दाखवलं जातं, तिथे अर्थ लावल्याशिवाय वाचन पूर्णच होत नाही.

हे ‘नारुतो’पासून सुरू झालेलं नाही. टोकियोत १९७५च्या डिसेंबरात कॉमिक मार्केट पहिल्यांदा भरलं तेव्हा त्यात ३२ गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं आली होती. चाहत्यांनी स्वतः काढून, स्वतः छापून विकायच्या पुस्तिका, म्हणजे डोजिन्शी, तिथे मिळत. ऐंशीच्या दशकात योइची ताकाहाशी यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ ही फुटबॉलची मांगा गाजली आणि या पुस्तिकांना उधाण आलं. काढणाऱ्या बहुतेक मुली होत्या. मुलांसाठी लिहिलेल्या फुटबॉलच्या कथेतून त्यांनी खेळाडूंमधली ओढ, मत्सर, विरह, सगळं बाहेर काढलं. पुढे व्यावसायिक मांगाकार म्हणून नाव झालेल्या क्लॅम्प या चित्रकर्तींच्या गटाची सुरुवातही डोजिन्शीतूनच झाली.

मुलींनी हेच का वाचलं, याचं मला पटणारं उत्तर कथांच्या रचनेत आहे. ‘शोनेन जम्प’चं ब्रीद तीन शब्दांचं: मैत्री, परिश्रम, विजय. त्यातली मैत्री म्हणजे जवळजवळ नेहमी दोन मुलग्यांची. लेखकाची सगळी ताकद तिथे खर्च होते. रडणं तिथे, वचनं तिथे, एकमेकांसाठी मरायला तयार होणं तिथे. मुलीच्या वाट्याला काय येतं? ‘मला तो आवडतो’ असं एक वाक्य, आणि मग लढाई बघत उभं राहणं. भावनेचं सगळं वजन ज्या नात्यावर ठेवलंय त्यालाच वाचणारीनं प्रेमकथा म्हटलं, तर चुकलं कुठे?

आता ‘नारुतो’तला पुरावा बघू. पुरावा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण चाहते तसाच तो मांडतात, प्रकरण आणि चौकट दाखवून. तिसऱ्याच प्रकरणात वर्गात नारुतो बाकावर चढून सासुकेकडे डोळे वटारून बघतोय, मागून एका मुलाचा धक्का लागतो आणि दोघांचे ओठ टेकतात. हा विनोद आहे, यावर कोणाचंच दुमत नाही. पण थोड्याच प्रकरणांनी हाकूची गोष्ट येते. हाकू हा झाबुझा नावाच्या मारेकऱ्यासाठी जगणारा मुलगा. जिवापाड जपावं असं कोणी असलं की माणूस खरा बलवान होतो, असं तो नारुतोला सांगतो. त्याच हाकूच्या सुया नारुतोवर येतात तेव्हा सासुके मध्ये उभा राहतो. का, असं नारुतो विचारतो. सासुके म्हणतो, माहीत नाही, अंग आपोआप हललं. आधी हाकूचं वाक्य, मग सासुकेची कृती. हा क्रम किशिमोतोंनी लावलाय, चाहत्यांनी नव्हे.

मग धबधब्याजवळची पहिली लढाई. सासुके आव्हान देतो की माझ्या कपाळावर तुला ओरखडासुद्धा काढता येणार नाही. शेवटी दोघांचे प्राणघातक वार एकमेकांवर आदळतात, आणि त्या क्षणी नारुतो फक्त सासुकेच्या कपाळपट्टीवर, म्हणजे गावाची खूण असलेल्या पट्टीवर, एक ओरखडा काढतो. सासुकेलाही जिवलग मित्राला मारलं तर डोळ्यांची नवी शक्ती मिळणार, हे ठाऊक आहे. तरी तो मारत नाही. बेशुद्ध नारुतोशेजारी कपाळपट्टी पडलेली, वर पाऊस. पुढे हाच नारुतो सासुकेला माफी मिळावी म्हणून बर्फात रायकागेसमोर, म्हणजे दुसऱ्या एका निन्जा गावाच्या प्रमुखासमोर, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतो. सासुके पार बिथरल्याचं ऐकून त्याला श्वास लागतो, तो कोसळतो. अशी पानं एकामागून एक लावत गेलं की ६९८व्या प्रकरणातला प्रश्न कुठून आला ते कळतं.

याला विरोध करणारेही पानं घेऊनच येतात, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. ते म्हणतात, नारुतो स्वतःच धबधब्याजवळ सांगतो की भाऊ असणं असंच असावं असं मला तुझ्याबरोबर वाटलं. शेवटी कळतं की दोघं इंद्र आणि असुर या प्राचीन भावांचा वारसा पुढे चालवतायत. इंद्र, असुर ही नावं आपल्याकडून तिथे गेलेली, हे जाताजाता सांगतो. तेव्हा हे बंधुप्रेम आहे, विषय संपला. माझ्या मते संपत नाही. जन्माने एकटा असलेला मुलगा जवळीक ओळखायला शिकतो तेव्हा हाताशी असतील ती नाती वापरून बघतो. भाऊ म्हणून बघतो, मित्र म्हणून बघतो, आणि शेवटी ‘मला दुखतं’ एवढ्यावर येतो. भावाचा अर्थ तिथे खरा आहे, पण त्यात सगळं मावत नाही म्हणूनच सासुके पुन्हा विचारतो. आपल्याकडे कर्ण दुर्योधनाला का सोडत नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चाललाय. मैत्री, ऋण, अभिमान, की आणखी काही? त्या वादाला आपण कधी पोरकट म्हटलेलं नाही.

नायिकांच्या बाबतीत मात्र भांडण कडवट झालं. नारुतोचं लग्न साकुराशी व्हावं की गावातल्याच हिनाता या मुलीशी, यावर चाहत्यांचे दोन तट पडले. चाहत्यांच्या भाषेत मनाजोगत्या जोडीला शिप म्हणतात, आणि शिपवरून झालेली ही युद्धं वर्षानुवर्षं चालली. साकुरावाल्यांकडे पुरावा होता: नारुतोची मरणारी आई त्याला सांगते की माझ्यासारखी मुलगी शोध, आणि तापट, मारकुटी, मायाळू साकुरा तिच्या वळणावर जाते. हिनातावाल्यांकडे ४३७वं प्रकरण होतं. गावावर चालून आलेल्या पेन या शत्रूसमोर आपला निभाव लागणार नाही हे माहीत असून ती एकटी उतरते आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणते. नारुतो त्यावर काय म्हणतो? पुढची कित्येक वर्षं काहीच नाही. लेखकानं तो धागा लोंबकळत ठेवला. मग १० नोव्हेंबर २०१४ला शेवटची दोन प्रकरणं एकत्र आली आणि ७००व्यात एकदम लग्नं झालेली, मुलं मोठी झालेली. नारुतोला हिनाताचं प्रेम कसं उमगलं हे दाखवायला त्याच डिसेंबरात वेगळा चित्रपट काढावा लागला. मूळ सातशे प्रकरणांत ते दाखवायला जागा मिळाली नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

या भांडणात सर्वात जास्त दगड साकुरानं खाल्ले, आणि याची मला मनापासून चीड येते. निरुपयोगी, रडकी, मध्ये मध्ये येणारी असं तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं त्यात वाचन नव्हतंच. बर्फात ती नारुतोला खोटंच ‘मला तू आवडतोस’ म्हणते, त्यावरून तिला कपटी ठरवलं गेलं. त्या प्रकरणात ती काय करतेय ते बघा. सासुकेला परत आणायचं जे वचन तिनंच नारुतोकडून घेतलं होतं, त्याखाली तो चिरडतोय हे तिला दिसलंय, आणि ते ओझं उतरवायचा एवढा एकच मार्ग तिला सुचतो. नारुतो तो नाकारतो, तेही बरोबरच. अर्थ लावणं आणि आपल्या आवडीसाठी पात्राचा बळी देणं यात इथे फरक करावा लागतो. ज्या अर्थासाठी पानं गाळावी लागतात, तो मला पटत नाही. इताचीला संत ठरवणाऱ्यांनाही मी हेच म्हणतो: गावाच्या वडीलधाऱ्यांनी त्याला आज्ञा दिली होती हे खरं, आणि आईबाप त्याच्याच हातून मेले हेही तितकंच खरं.

उलट पानांवरून सुचलेल्या अर्थाचं एक सुरेख उदाहरण साकुराचंच आहे. लहानपणी सासुके हट्ट करायचा तेव्हा इताची दोन बोटांनी त्याच्या कपाळावर टिचकी मारून ‘पुढच्या वेळी’ म्हणायचा. मरतानाही त्यानं रक्ताळलेल्या बोटांनी तेच केलं. तोंडानं न बोलता आलेलं सगळं प्रेम त्या खुणेत साठलंय. आता ६९९वं प्रकरण बघा. सासुके प्रवासाला निघालाय, साकुरा बरोबर येऊ का म्हणते, तो नको म्हणतो आणि दोन बोटं तिच्या कपाळावर टेकवतो. वर ‘थँक यू’ म्हणतो. १८१व्या प्रकरणात रात्री गाव सोडताना तिला हेच म्हणाला होता. प्रेमाचा शब्द कुठेही नाही. ज्या वाचकांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली त्यांना तो ऐकू आला. मला स्वतःला सासुके-साकुराचं लग्न अपुरं रंगवलंय असं वाटतं, पण या एका चौकटीपुढे माझी हरकत लंगडी पडते हे मान्य करतो.

तरी ६९९ आणि ७०० यांच्यामध्ये वर्षांची दरी राहिलीच. सासुके कुठे हिंडत होता, साकुरा कशी राहिली, नारुतोनं त्याची वाट पाहिली का? चाहत्यांच्या असंख्य कथा याच दरीत लिहिल्या गेल्यात. २०१५मध्ये किशिमोतो स्वतः तिथे परतले. त्या छोट्या मालिकेची नायिका आहे सारादा, सासुके आणि साकुराची मुलगी. तिनं बापाला नीट पाहिलेलंही नाही. साकुरा खरंच माझी आई आहे का, असा संशय तिला येतो. शेवटी ती सासुकेला थेट विचारते, तुझं आणि आईचं मन खरंच जुळलंय का? तो हो म्हणतो. का, तर ‘तू आहेस म्हणून’.

चाहत्यांचा प्रश्न लेखकानं त्या मुलीच्या तोंडी घातला, असं मी ते पान वाचतो. सासुकेच्या उत्तरावर अजून एकमत नाही. काहींना त्यात अबोल माणसाची कबुली दिसते. काहींना, आणि त्यांत मीही आहे, वाटतं की सारादानं विचारलं होतं आईबद्दल आणि उत्तर मिळालं ते स्वतःबद्दल.