रोन्याचा बाप

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका बापलेकीबद्दल बोलायचं आहे. बाप दरोडेखोर, आणि तोही टोळीचा सरदार. लेकीचं नाव रोन्या. स्वीडनच्या आस्त्रीद लिंदग्रेन यांनी सत्तरी ओलांडल्यावर, १९८१ साली, ही कादंबरी लिहिली. तीनच वर्षांनी तागे दानिएल्सन यांनी तिच्यावर चित्रपट केला. पटकथा खुद्द लिंदग्रेनबाईंची, त्यामुळे पुस्तकाचा जीव पडद्यावर शाबूत राहिला.

रोन्या जन्मते त्याच रात्री वीज कोसळून गढीचे उभे दोन तुकडे होतात. मधे खोल दरी. पण बापाला, मात्तिसला, त्याचं काय! त्याला मुलगी झालेली असते. पुढे ती पहिल्यांदा एकटी रानात निघते, तेव्हा हा माणूस सूचनांचा पाऊस पाडतो. वाट चुकू नकोस, नदीत पडू नकोस, दरीत पडू नकोस. पोर विचार करते, नदीत पडायचं नाही ना, मग तिथेच जाऊन शिकलं पाहिजे. आणि धबधब्याजवळच्या निसरड्या दगडांवर उड्या मारत सुटते. मला तिचं हे तर्कशास्त्र फार आवडतं.

गढीच्या दुसऱ्या तुकड्यात वैरी बोर्काची टोळी येऊन ठाण मांडते. त्याचा मुलगा बिर्क. रोन्या त्याला भाऊ मानते, अर्थात चोरून. मात्तिस त्या पोराला पकडतो, आणि रोन्या सगळ्यांदेखत दरीवरून उडी मारून बोर्काच्या माणसांत जाऊन उभी राहते. मात्तिस म्हणतो, मला मूल नाही. एवढंच. बर्ये आल्स्टेट हा एरवी पडदा दणाणून सोडणारा नट इथे जो विझतो, ते पाहवत नाही.

मग ती दोघं मुलं रानातल्या गुहेत राहायला जातात. एक दिवस रोन्याची आई लूविस तिथे येते. मांडीवर लेकीचं डोकं घेऊन लहानपणीचं अंगाईगीत म्हणते. रोन्या विचारते, ज्या बापाला आपलं नावही नको, त्याच्याकडे तू परत गेली असतीस का? लूविस म्हणते, नाही, त्यानं मला तशी विनवणी करायला हवी. नवऱ्याची बाजू घेणं किती सोपं होतं! ती घेत नाही. मुलांच्या चित्रपटात एका आईनं इतकं खरं बोललेलं मी क्वचितच ऐकलं आहे.

आणि मात्तिस येतो. रडत, विनवायला, स्वतः.

या चित्रपटाला १९८५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक मिळालं. रोन्या झालेली हाना सेटरबेर्ग मोठेपणी स्वीडनच्या संसदेत निवडून गेली. हे कळलं तेव्हा मला अगदी घरातलंच कुणी निवडून आल्यासारखा आनंद झाला होता.

घरातल्या मुलांबरोबर पाहा. शेवटाकडे टोळीतला म्हातारा जातो, तेव्हा मुलं प्रश्न विचारतील. विचारू द्या. मात्तिसही तेव्हा लहान मुलासारखा हंबरडा फोडतो. मग हिवाळा सरतो, बर्फ वितळतं, आणि रोन्या रानात उभी राहून सगळा वसंत छातीत भरून घेऊन एक आरोळी ठोकते. तेवढ्यापुरता आवाज थोडा वाढवा.

नमस्कार.