पहिली स्प्रे गन घेताय? आधी कॉम्प्रेसर मोजा

गाडी रंगवायला शिकायचंय आणि गन कुठली घ्यायची ते ठरत नाहीये, असं असेल तर गन पाच मिनिटं बाजूला ठेवू. तुमचा कॉम्प्रेसर मिनिटाला प्रत्यक्षात किती हवा देतो, ते आधी बघू. किती हॉर्सपॉवरचा आहे ते विचारत नाहीये.

स्टिकरवरचा सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा तो आकडा, बऱ्याचदा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो. पाइपच्या टोकाला त्यापेक्षा बरीच कमी हवा मिळते. म्हणून स्वतः मोजा. टाकीचा बाहेरचा कॉक बंद करा, मशीन चालू करा, काटा ४ बारवर आला की मोबाइलवर वेळ लावा आणि ६ बारला थांबवा. समजा टाकी १०० लिटरची आहे आणि बरोबर १ मिनिट लागलं. दाब वाढला २ बार, म्हणजे १०० गुणिले २, मिनिटाला २०० लिटर. एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणून २८ ने भागा. आले साधारण ७ सीएफएम. हा आकडा घेऊनच दुकानात जा.

[दोन्ही गन टेबलावर]

ही एचव्हीएलपी, म्हणजे हवा भरपूर, दाब कमी. हिच्या एअर कॅपमधून, म्हणजे तोंडावरच्या टोपीतून, बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब १० पीएसआयच्या (साधारण ०.७ बार) आत असतो, त्यामुळे रंग पत्र्यावर आपटून उडत नाही. निम्म्याहून बराच जास्त रंग जागेवर बसतो. शिकणाऱ्यासाठी उत्तम, फक्त हवा भरपूर खाते. पूर्ण आकाराच्या बऱ्याच गनना १२ ते १५ सीएफएम लागतात. आता ही ७ सीएफएमच्या कॉम्प्रेसरला लावली तर काय होईल? सुरुवातीला टाकीतली साठलेली हवा मिळते, फवारा सुंदर पडतो. अर्धं बॉनेट होईपर्यंत दाब उतरतो, रंगाचे थेंब जाड होतात आणि उरलेलं बॉनेट संत्र्याच्या सालीसारखं दिसतं. शिकणारा समजतो आपला हात बसला नाही, आणि मग थिनर वाढवत बसतो. पातळ केलेला रंग दारावर ओघळला की तिसरंच काहीतरी बदलतो. मूळ दुखणं हवेचं असतं.

ही दुसरी एलव्हीएलपी, म्हणजे हवाही कमी, दाबही कमी. ४ ते ६ सीएफएममध्ये चालते. फवारा थोडा अरुंद, काम थोडं सावकाश. पण एक दार, एक फेंडर, एक बंपर अशा सरावाला पुरून उरते. मोजमाप ७-८ च्या आसपास आलं असेल तर निमूट हीच घ्या. एचव्हीएलपी घ्यायची तर गनला लागते त्यापेक्षा थोडी जास्तच हवा हाताशी हवी, कारण कॉम्प्रेसर सतत पळत राहिला की तापतो आणि तापलेल्या हवेबरोबर पाणीही जास्त येतं.

जुन्या पद्धतीची, ४०-५० पीएसआयवर चालणारी गन शिकायला नको. रंगाचं धुकं इतकं होतं की आपला फटका कुठे पडला तेच दिसत नाही. कप वरच्या बाजूला असलेली घ्या. खालच्या कपातला तळाचा रंग ओढला जात नाही, आणि गन जरा तिरकी झाली की थुंकायला लागते.

नोझल, म्हणजे रंग बाहेर पडतो ते भोक. बेस कोट (रंगाचा थर) आणि क्लिअरसाठी (त्यावरचा पारदर्शक थर) १.३ किंवा १.४ मिलिमीटर. प्रायमरसाठी (सगळ्यात खालचा थर) १.७ ते १.८. प्रायमर दाट असतो, तो १.३ मधून मारायचा तर इतका पातळ करावा लागतो की ओरखडे भरण्याचं त्याचं कामच होत नाही. जमत असेल तर प्रायमरला वेगळी, साधीशी गन ठेवा. त्याचे सुकलेले कण गनच्या आत राहिले की नेमके क्लिअर मारताना सुटतात. ०.८ ची छोटी गन हातात छान बसते म्हणून मोह होतो, पण तिने अख्खं दार मारलं तर पट्टे दिसतात. ती टचअपपुरती.

पाइप आतून १० मिलिमीटरचा हवा. ६ मिलिमीटरचा गुंडाळी पाइप टायरमध्ये हवा भरायला ठीक. गनच्या मुठीखाली मीटरवाला रेग्युलेटर लावा आणि दाब ट्रिगर पूर्ण ओढून धरून सेट करा. ट्रिगर सोडलेला असताना दिसणारा आकडा खोटा, हवा वाहू लागली की काटा खाली येतो. पाण्याचा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून नको. हवा थंड झाल्यावरच पाणी सुटतं, म्हणून मधे काही मीटर पाइप जाऊ द्या.

[भिंतीवर कागद]

नवी गन आली की आधी कागदावर. १५ ते २० सेंटिमीटर अंतर, गन सरळ, ट्रिगर क्षणभर ओढून सोडा. साधारण २५ सेंटिमीटर उंच, दोन्ही टोकांना सारखा विरत जाणारा लांबट ठसा पडला पाहिजे. मधे रंग जास्त? दाब कमी आहे किंवा रंग दाट. मधे पोकळ आणि दोन्ही टोकांना जाड? दाब जास्त आहे किंवा रंग कमी सुटतोय. ठसा केळ्यासारखा वाकला तर एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. बाक उलटा झाला तर कॅपच्या शिंगातलं (बाजूला पुढे आलेल्या टोकातलं) भोक बुजलंय. तसाच राहिला तर घाण नोझलवर आहे. फवारा धडधडत, तुटत येत असेल तर नोझल नीट आवळलंय का आणि कपाच्या झाकणाचं भोक उघडं आहे का, एवढं बघा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

घेताना आणखी एक विचारा: नोझल, निडल (नोझल उघडबंद करणारी सुई), एअर कॅपचा सेट आणि पॅकिंग सुटं मिळतं का? मिळत नसेल तर गन कितीही चकचकीत असो, नको. पाण्यावर आधारित रंग वापरणार असाल तर नोझल-निडल स्टेनलेस स्टीलचंच.

हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) घातलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसाला घातक रसायन असतं. वासावरून त्याचा पत्ता लागत नाही, त्यामुळे मास्कच्या फिल्टरमधला कोळसा संपला तरी कळत नाही. यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि अंगभर सूट लागतो. एवढं नसेल तर तूर्त आयसोसायनेट नसलेल्या एकघटकी रंगावर हात बसवा. त्यालाही सॉल्व्हंटचा मास्क आणि खेळती हवा हवीच.

धुताना आधी निडल काढायची, मग नोझल. जोडताना उलट: नोझल आवळून झालं की निडल. क्रम चुकला तर निडल नोझलच्या बैठकीवर घासते आणि गन कायमची ठिबकायला लागते. भोकात तार घालू नका, नायलॉनचा ब्रश किंवा लाकडी काडी वापरा. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून रात्रभर ठेवली तर पॅकिंग फुगतात आणि विरघळलेला रंग हवेच्या वाटांमध्ये जाऊन बसतो. आणि निडलला लावायचं ग्रीस सिलिकॉनचं नको. त्याचा अंश जरी पत्र्यावर गेला तरी रंग तिथून मागे सरतो आणि खड्डे पडतात.