टक्का नको, वही बघा

नमस्कार मंडळी. दहावीचा निकाल लागला की आपल्या सिंधुदुर्गाची छाती फुगते, राज्यातल्या ९ विभागीय मंडळांत कोकण पहिलं, हे आता दरवर्षीचंच झालंय आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. पण दुसऱ्या दिवसापासून शाळाशाळांत तुलना सुरू होते ना, ती मला खटकते, आणि हे लोण आता जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांपर्यंत आलंय, शिष्यवृत्तीला किती बसले, किती पास झाले, झाली शाळा चांगली नाहीतर वाईट.

आपला जिल्हा १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, तालुके ८ च, पण वाड्या डोंगरात विखुरलेल्या आणि वाडीतल्या शाळेचा पट अगदी कमी. आता हिशेब बघा, वर्गात ४ पोरं, एकाला पेपर अवघड गेला की निकाल ७५ टक्के. बाजारपेठेतल्या शाळेत ४० पोरं, तिथे एक नापास झालं तरी साडेसत्त्याण्णव. नापास दोन्हीकडे एकच! आणि हा टक्का ऐकून पालक मूल काढतात, इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसवतात, पट अजून खाली येतो.

मी बरीच वर्षं शाळाभेटी केल्या म्हणून सांगतो. ६० पर्यंत पट असला की शिक्षक दोनच, आणि एका शाळेत गेलो तर बाई ट्रेनिंगला गेलेल्या, गुरुजी एकटेच, पहिलीची पोरं चिंचोक्यांचे दहा-दहाचे गट करतायत, फळ्यावर चौथीचा भागाकार, त्यात मोबाईलवर फोन, माहिती लगेच पाठवा म्हणून. तिथे तिसरीतली एक मुलगी होती, जूनमध्ये रफार आला की थांबायची. मार्चमध्ये परत गेलो तर भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून तिने वाचलं, वेंगुर्ला, दोडामार्ग, सिंधुदुर्गनगरी, कुठेही न अडखळता. हे कुठल्या टक्क्यात बसवायचं सांगा.

तुलना करूच नका असं मी म्हणत नाही, पण सारख्या पटाच्या शाळा घ्या, दोन-तीन वर्षांचे निकाल एकत्र धरा. आणि शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालकच असतात, तेव्हा पुढच्या मीटिंगला नक्की जा, आपल्या मुलाची जूनची वही आणि आत्ताची वही शेजारी शेजारी ठेवून बघा, आणि काही अडत असेल तर तिथेच गुरुजींना विचारा.