शिकवणाऱ्यांना कोण शिकवतं?

(पडद्यावर: पहाटेचं पार्किंग, गाडीची उघडी डिकी)

ही डिकी बघा. दोन खोकी, एकावर निळी पट्टी, एकावर पिवळी. निळ्यात एका कॉलेजचे पेपर, पिवळ्यात दुसऱ्या कॉलेजचे, मधे मार्करचा डबा, एक स्वेटर, आणि दुपारचं जेवण, जे बहुतेक वेळा गाडीतच उरकतं. कॅलिफोर्नियात अशा शिक्षकांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. सकाळी एका कम्युनिटी कॉलेजात इंग्लिश शिकवायचं, तिथून हायवेला लागायचं, दुपारी दुसऱ्या कॉलेजात तोच धडा, कधी कधी संध्याकाळी तिसऱ्या. स्वतःचं टेबल नाही, पुढच्या सेमिस्टरला वर्ग मिळेलच ह्याची खात्री नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांमधे अर्ध्याहून जास्त शिक्षक असे पार्ट टाइम आहेत, त्यामुळे शिक्षकांच्या ट्रेनिंगची गोष्ट मी ह्या डिकीपासूनच सुरू करणार.

(पडद्यावर: कॉलेजचं मुख्य दार, आत जाणारे विद्यार्थी)

१९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट ज्युनियर कॉलेज सुरू झालं तेव्हा पहिल्या वर्गात फक्त ६ विद्यार्थी होते. १९४७ मधे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने अशी कॉलेजं गावोगावी हवीत असं सांगितलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव सगळीकडे रुळलं. आज अशी हजारभर कॉलेजं आहेत. दोन वर्षांचं शिक्षण, फी कमी, आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशाला अडवणूक नाही. म्हणजे एकाच बाकावर शाळेतून थेट आलेला अठरा वर्षांचा मुलगा, रात्रपाळी करून नर्सिंगसाठी आलेली बाई, आणि जिच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरीही चढलेलं नाही अशी मुलगी. मला विचाराल तर उच्च शिक्षणातलं सगळ्यात अवघड शिकवणं हे आहे.

आणि ते शिकवणाऱ्यांना त्याची तयारी किती मिळते? शाळेत शिकवायचं तर ट्रेनिंग लागतं, लायसन्स लागतं. इथे बहुतेक विषयांना त्या विषयातली मास्टर्स डिग्री असली की पुरतं. गणित उत्तम येतं, पण गणिताची धास्ती घेतलेल्या माणसाला ते कसं शिकवायचं हे कुणी कधी दाखवलेलंच नसतं, मग आपल्याला जसं शिकवलं तसंच आपण शिकवतो, फळ्यासमोर उभं राहून तासभर बोलायचं. ह्यात त्या शिक्षकाचा दोष नाही. पण फटका विद्यार्थ्याला बसतो. २०१४ मधे विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसतं लेक्चर असलेल्या वर्गात नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि जिथे विद्यार्थी स्वतः काहीतरी करत होते, चर्चा करत होते, प्रश्न सोडवत होते, तिथे साधारण २२.

मग कॉलेज वर्कशॉप ठेवतं. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एक दिवस, मोठा हॉल, बाहेरचा वक्ता, स्लाइड्स. लोक टाळ्या वाजवतात, फाइल घरी नेतात, सोमवारी वर्गात गेलं की सगळं पहिल्यासारखं. एका दिवसात सवय बदलत नाही हो. त्यासाठी छोटी, रोज करता येईल अशी गोष्ट हवी आणि ती करताना सोबत कुणीतरी हवं.

(पडद्यावर: हातातली छोटी पांढरी कार्डं, क्लोजअप)

अशी एक छोटी गोष्ट म्हणजे हे कार्ड. तास संपायला तीन मिनिटं असताना वाटायचं, नाव लिहायचं नाही, प्रश्न एकच, आज सगळ्यात जास्त कुठे गोंधळ झाला? टॉम एंजेलो आणि पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८८ मधे अशा बऱ्याच युक्त्या एका हँडबुकमधे एकत्र केल्या, आणि मला त्यांचं म्हणणं फार मोलाचं वाटतं, की वर्गात काय पोचलं हे परीक्षेची वाट न बघता त्याच दिवशी तपासायचं. आता बीजगणिताच्या एखाद्या तासाची ही कार्डं वाचा. 'कंसाबाहेर ऋण चिन्ह असलं की आतली चिन्हं का बदलतात.' पुढचं, 'मायनस आणि कंस.' त्याच्या पुढचं, 'मला वाटतं मला काहीच कळत नाही पण मुख्य म्हणजे ते मायनस.' शिक्षकाला वाटत होतं समीकरण अवघड जातंय, आणि वर्ग अडलाय त्याच्या कितीतरी आधी! पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं कशाला द्यायची हे ठरवायला आता वेगळ्या सल्लागाराची गरज नाही.

टेक्ससच्या पश्चिमेला, तेलाच्या पट्ट्यात, ओडेसा कॉलेज आहे. तिथे कोर्स अर्धवट सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण खूप होतं. कॉलेजने ज्या शिक्षकांच्या वर्गातून मुलं फारशी गळत नव्हती ते काय वेगळं करतात हे बघितलं. वाटलं होतं शिकवण्याची एखादी खास पद्धत सापडेल. तशी काही सापडलीच नाही, कुणी लेक्चर देत होतं, कुणी गटात काम करून घेत होतं. सगळ्यांत सारखं होतं ते विद्यार्थ्यांशी असलेलं नातं. मग कॉलेजने सगळ्या शिक्षकांसमोर चार गोष्टी ठेवल्या, सुरुवातीच्या दिवसांतच नावं पाठ करायची, कोण मागे पडतोय ते वेळेत ओळखून बोलायचं, प्रत्येकाला एकदा तरी एकट्याने भेटायचं, आणि नियम पक्के ठेवायचे पण कुणाचं घरचं काही अडलं तर थोडं सैल सोडायचं. गळती बरीच कमी झाली. नावं पाठ करणं ही शिकवण्यातली सुधारणा आहे हे आपल्याला पटकन मान्य होत नाही, पण आहे.

आणि हे काम शिक्षकांपुरतंच नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मधे कम्युनिटी कॉलेजांत 'असॅप' नावाचा प्रोग्रॅम आणला, त्यात फी, पुस्तकं, प्रवासाची मदत होतीच, पण त्याचा कणा होता तो वारंवार भेटणारा सल्लागार, ज्याच्याकडे विद्यार्थी मोजकेच. प्रोग्रॅमबाहेरच्या तशाच विद्यार्थ्यांत तीन वर्षांत डिग्री पूर्ण करणारे २२ टक्के होते आणि प्रोग्रॅममधले ४०, म्हणजे जवळजवळ दुप्पट. म्हणून काउंटरवरचा माणूस, लायब्ररीतल्या बाई, फी भरून घेणारे, ह्या सगळ्यांना ट्रेनिंगमधे बसवायला हवं. साधं बघा, वेळापत्रकात 'ऑफिस अवर्स' लिहिलेलं असतं, म्हणजे विद्यार्थ्यांनी येऊन भेटायची वेळ, आणि कितीतरी मुलांना वाटतं ती शिक्षकाची कामाची वेळ आहे, तेव्हा त्रास द्यायचा नाही. काही कॉलेजांत शिक्षकांनी ते बदलून 'स्टुडंट अवर्स' केलं.

कॅलिफोर्नियात २०१७ मधे कायदा झाला, ए बी ७०५. त्याआधी प्लेसमेंट टेस्टमधे, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं हे ठरवणाऱ्या परीक्षेत, कमी पडलेल्या मुलांना आधी पायाभूत कोर्स, मग त्याच्या वरचा, अशा पायऱ्या चढाव्या लागायच्या आणि बरीच मुलं त्या पायऱ्यांवरच संपायची. कायद्याने हायस्कूलचे मार्क धरायला लावले आणि बहुतेकांना थेट कॉलेजच्या पातळीवर बसायची वाट मोकळी केली. निर्णय योग्यच, पण वर्ग एका रात्रीत बदलला आणि शिकवायचं कोणी, तर त्याच शिक्षकांनी. तिथे उपयोगी पडले ते एकमेकांना धडे दाखवणारे शिक्षकांचे गट. कॅलिफोर्निया ॲक्सलरेशन प्रोजेक्ट हे काम २०१० पासून करत होता, आणि तो सुरू केला होता दोन कम्युनिटी कॉलेजांतल्या शिक्षिकांनीच.

पण ज्याची गाडी दुपारी बाराला दुसऱ्या कॉलेजकडे निघते त्याने ह्या गटात बसायचं कधी? फ्लोरिडातल्या व्हॅलेन्सिया कॉलेजला २०११ मधे उत्तम कम्युनिटी कॉलेजला दिलं जाणारं पहिलं ॲस्पेन प्राइझ मिळालं. तिथे नवीन पूर्णवेळ शिक्षक पर्मनंट होण्याआधी काही वर्षं स्वतःच्या वर्गावर प्रयोग करतो आणि सहकाऱ्यांपुढे मांडतो, आणि पार्ट टाइम शिक्षकांनी ठरलेलं ट्रेनिंग पूर्ण केलं तर त्यांचा मोबदला वाढतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तासाला पैसे घेणाऱ्या माणसाकडून फुकट तास मागायचे आणि तो आला नाही की 'त्याला शिकायचंच नाही' म्हणायचं, हे बरोबर नाही. ट्रेनिंगचे पैसे द्या, वेळ संध्याकाळची ठेवा, सोबतीला एक अनुभवी शिक्षक द्या.

(पडद्यावर: वर्गाच्या मागच्या रांगेत बसलेली एक शिक्षिका, हातात वही)

ह्या मागे बसल्यात त्या परीक्षक नाहीत, पलीकडच्याच वर्गात शिकवतात. मार्क द्यायचे नाहीत, रिपोर्ट वर जाणार नाही, फक्त बघायचं आणि दिसलं ते नंतर सांगायचं. तास संपल्यावर त्या आणि तास घेणारी शिक्षिका, दोघी तिथेच रिकाम्या बाकांवर बसतात. वहीत एकच गोष्ट अधोरेखित केलेली, 'प्रश्न विचारतेस आणि लगेच स्वतःच उत्तर देतेस.' मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर जास्त मुलं बोलतात, उत्तरंही लांब देतात.

पुढच्या तासाला ती प्रश्न विचारते आणि मार्कर टेबलावर ठेवते, म्हणजे हात आपोआप फळ्याकडे जाणार नाही. एक. दोन. वर्गात शांतता, कुणीतरी खुर्ची सरकवतं. तीन. मागच्या रांगेतला एक मुलगा, सेमिस्टर सुरू झाल्यापासून ज्याचा आवाज तिने ऐकलेला नाही, हात अर्धाच वर करतो आणि म्हणतो, "कंसाच्या बाहेरचं मायनस, ते आतल्या सगळ्यांना लागतं ना?"